रूम पार्टनरला आधी कळतं

सदाशिव पेठ, नारायण पेठ, तिकडे कर्वेनगर. एकेका फ्लॅटमधे पाच-सहा कॉट, पोरं कुणी लातूरची कुणी जळगावची, एमपीएससीवाली नाहीतर इंजिनिअरिंगची. घरी रोज फोन होतो, पण पोरगं नशेला लागलं तर फोनवर आईला कळणार काय? आवाज बरा म्हणजे पोरगं बरं.

खरं काय चाललंय ते रूम पार्टनर बघत असतो. मेसचा डबा तसाच पडलाय, दोन-दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, दात सारखे आवळलेले, बडबड थांबत नाही आणि मग एकदम असा पडतो की उठतच नाही, काही विचारलं की अंगावर येतो. आणि उधारी, ती तर सगळ्यांकडे. यातलं निम्मं परीक्षेच्या आधी कुणाचंही होतं म्हणा, पण सगळं एकत्र आणि परत परत दिसलं तर एमडीचा संशय घ्यायला हरकत नाही. एमडी म्हणजे मेफेड्रोन, नशेचा एक अंमली पदार्थ. काही तासात उतरतं, म्हणून परत घ्यावंसं वाटतं, तिथंच पोरगं अडकतं. २०१५ पर्यंत हे एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतसुद्धा नव्हतं. आणि माल काय लांबून येतो असं नाही, २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यात कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यावर धाड टाकली तेव्हा शेकडो किलो सापडला.

मग पार्टनर गप्प का? एक तर त्या पोराच्या वडिलांना सांगायचं कुणी, आणि दुसरं म्हणजे पोलीस. केस झाली तर करिअर संपलं, अधिकारी व्हायला आलेल्या पोराला तर ही भीती जास्तच. पण त्याच कायद्यात कलम ६४ अ आहे, ते कुणी सांगतच नाही. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल तर सेवन केल्याबद्दल किंवा अगदी थोडा माल जवळ असल्याबद्दल खटला चालत नाही. विकणाऱ्याला ही सूट नाही, आणि उपचार अर्धवट सोडले तर ती काढूनही घेता येते.

पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, येरवड्याला. १९८६ मधे डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, तेव्हा गर्दचा, म्हणजे ब्राऊन शुगरचा काळ होता. इथं व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे दुसऱ्यांना सावरायचं काम करतात, म्हणजे 'तुला काय कळणार' हे पोराला तिथं म्हणता येत नाही.

आणि १४४४६, ही सरकारची व्यसनमुक्तीची फुकट हेल्पलाइन. फोन त्यानंच करायला पाहिजे असं नाही, पार्टनरनं केला तरी चालतो.