शाळेच्या समितीवर उभं राहताना

आजचा विषय अगदी नेमका आहे. जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत मूल शिकतंय अशा पालकाने शाळा व्यवस्थापन समितीवर निवडून कसं जायचं, आणि गेल्यावर पहिला हात कशाला घालायचा. समोर बसलेल्यांपैकी काहींची नावं येत्या पालकसभेत पुढे येणार आहेत असं ऐकतो, म्हणून भाषणबाजी कमी आणि कामाचं जास्त बोलू.

आधी थोडी पार्श्वभूमी. महाराष्ट्रात १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याखाली नगरपालिका-महापालिकांची शिक्षण मंडळं होती. त्यांच्यावर कोण जायचं हे सभागृहातल्या पक्षांच्या संख्याबळावर ठरायचं, पालकाला त्यात विचारत कोण होतं! २०१३ मध्ये कायदा बदलला आणि ती मंडळं हळूहळू गुंडाळली गेली. गावात ग्राम शिक्षण समित्या होत्या, त्याही गेल्या. पालकाला थेट निवडून जाता येतं अशी जागा आता एकच उरली आहे, ती म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ खालची ही समिती. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही. खासगी अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत समिती फक्त सल्ला देऊ शकते. खरा अधिकार आहे तो सरकारी आणि स्थानिक संस्थेच्या शाळेत.

समिती १२ ते १६ जणांची असते. १२ जणांची धरली तर ९ पालक आणि उरलेले तिघे म्हणजे स्थानिक संस्थेचा एक निवडून आलेला प्रतिनिधी, शिक्षकांनी निवडलेला एक शिक्षक आणि गावातला शिक्षणातला एखादा जाणकार. मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात, ते या १२ मध्ये मोजायचे नाहीत. निम्म्या जागा महिलांच्या. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा द्यायच्या. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांतूनच होतात, केवळ सरपंच किंवा नगरसेवक म्हणून कोणी अध्यक्ष होऊ शकत नाही. मुदत दोन वर्षांची. तुमचं मूल चौथीत असेल आणि शाळा चौथीपर्यंतच असेल तर पुढच्या जूनमध्ये तुम्ही त्या शाळेचे पालकच राहणार नाही, तेव्हा उभं राहण्याआधी हा हिशोब करा.

निवडणूक बिघडते ती मतमोजणीत नाही, निरोपात. सभेची सूचना आदल्या दिवशी मुलांच्या हाती जाते, सभा सकाळी अकराला असते, जूनमध्ये माणसं पेरणीला गेलेली असतात. वीसेक पालक जमतात, यादी आधीच तयार असते, एक जण वाचून दाखवतो, टाळ्या वाजतात आणि दहा मिनिटांत समिती 'बिनविरोध' होते. बिनविरोध होण्यात वाईट काही नाही, पण विरोध करायला कोणी हजरच नसेल तर त्या शब्दाला काय अर्थ? म्हणून उभं राहणाऱ्याने पहिलं काम हे करायचं: मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन सभेची तारीख आठवडाभर आधी मागायची, वेळ संध्याकाळची सुचवायची, सूचना फलकावर लावायला सांगायची आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायची. मग वस्तीवस्तीत स्वतः फिरायचं. ऊसतोडीला जाणारी, वीटभट्टीवरची, पाड्यावरची घरं आधी गाठायची, कारण व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात नेमकी तीच नसतात. सभेत एका जागेला दोन नावं आली तर चिठ्ठ्या टाकून मतदान मागा आणि कोणाला किती मतं पडली ते इतिवृत्तात लिहून घ्या. आणखी एक. महिला सदस्य निवडली की सभेला तिचा नवरा येऊन बसतो, ही पद्धत पहिल्याच सभेत मोडा. सही जिची, खुर्चीही तिचीच.

निवडून आल्यावर सगळ्यांना कंपाउंड दिसतं. गेट, कमान, भिंतीवरची रंगीत चित्रं. ही कामं वाईट नाहीत, पण समितीच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय मुलांच्या वाचनाचा असला पाहिजे, आणि माझं आजचं मुख्य म्हणणं हेच आहे. 'असर' या 'प्रथम' संस्थेच्या शिक्षण-पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०२२ साली १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली. सुधारणा आहे, नाही असं नाही. पण याचा अर्थ असाही की चारातली तीन मुलं अजून तेवढंही वाचू शकत नाहीत, आणि तिसरीनंतर प्रत्येक विषय वाचूनच शिकायचा असतो.

आपल्या शाळेत काय आहे, हे समितीला एका दुपारी कळू शकतं. शिक्षकांना सोबत घेऊन बसा, तपासनीस म्हणून जाऊ नका. पाठ्यपुस्तकातला धडा देऊ नका, कारण तो मुलांना पाठ असतो. पान उलटं धरलं तरी पोरगं घडाघडा म्हणून दाखवतं. कागदावर चार गोष्टी लिहून न्या: दहा सुटी अक्षरं, दहा सोपे शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि आठ-दहा ओळींची एखादी नवी गोष्ट. एकेका मुलाला बाजूला बसवून वाचायला सांगा. कुठे अडतं ते नीट ऐका. 'घर', 'बदक' सुरळीत जातं, गाडी अडते जोडाक्षराशी. सूर्य, चक्र, राष्ट्र, सुऱ्या हे चार शब्द घ्या. चारही शब्दांत जोडलेला 'र' आहे आणि प्रत्येक वेळी तो वेगळा दिसतो: डोक्यावर रफार, पोटात तिरकी रेघ, पायाशी टोपी, आणि चौथ्यात आडवा वळलेला. हे एकेक करून शिकवलेलं नसलं की मूल पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द अंदाजाने ठोकून देतं. ही गोष्ट शिक्षकाला ठाऊक असते, पण दोन वर्ग एकत्र सांभाळताना तिला वेळ देता येत नाही.

निकाल वर्गवार लिहा, मुलाचं नाव सभेत घेऊ नका. समजा, तिसरीचा पट १८: अक्षरापर्यंत ३, शब्दापर्यंत ६, परिच्छेदापर्यंत ५, गोष्ट वाचणारी ४. एवढी एक ओळ इतिवृत्तात गेली आणि दर तीन महिन्यांनी तिच्याखाली नवी ओळ आली की शाळेची चाल कळते. मग ठराव करा की रोज एक तास मुलं इयत्तेप्रमाणे न बसता पातळीप्रमाणे बसतील, आणि ग्रंथालयाची पुस्तकं कपाटातून बाहेर येऊन दोरीवर टांगली जातील. बऱ्याच शाळांत पुस्तकं फाटतील म्हणून कुलपात ठेवतात. फाटू देत.

वाचनाला शिक्षक लागतो, आणि शिक्षक पटावर मिळतो. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत, ६१ ते ९० ला तीन. म्हणजे एकसष्टावं मूल हे नुसतं मूल नसतं, ते तिसरा शिक्षक असतं. राज्याचे संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवण्याचे, निकष मधूनमधून बदलतात, म्हणून चालू वर्षाचा शासन निर्णय केंद्रप्रमुखांकडून मागून घ्या. पट धरला जातो ३० सप्टेंबरचा, आणि आधारशी न जुळणारं मूल तिथे अडतं. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, शाळेच्या रजिस्टरवर तिसरं, असं निम्म्या गावांत असतं. ही दुरुस्ती ऑगस्टमध्ये पालकांना सोबत नेऊन करून घेणं हे समितीचं काम आहे. मुख्याध्यापक एकटे ते करत बसले तर त्यांचा वर्ग बुडतो.

बुडण्यावरून आठवलं. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं ठरवलंय, म्हणजे दिवसाला चार तास. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. समितीने एक साधी वही ठेवावी, त्यात शिक्षक वर्गाबाहेर होते ते दिवस आणि कारण लिहावं: प्रशिक्षण, बैठक, ऑनलाइन माहिती. ही वही शिक्षकाविरुद्ध नाही, त्याच्या बाजूने आहे. गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे 'शिक्षकांना फार कामं देता' म्हणून चालत नाही, 'जुलैत नऊ दिवस' म्हटलं की ऐकतात.

आता पोषण आहार. इथे पालकांची नजर सगळ्यात तीक्ष्ण असते, पण मोजमाप माहीत नसतं. पाचवीपर्यंतच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला याच्या दीडपट. पाचवीपर्यंतची ४८ मुलं हजर असतील तर ४ किलो ८०० ग्रॅम तांदूळ, ९६० ग्रॅम डाळ, जवळपास अडीच किलो भाजी आणि २४० ग्रॅम तेल शिजलं पाहिजे. शाळेत वजनकाटा आहे का बघा. नसेल तर एकदा दुकानात नेऊन वाटीचं माप ठरवा, आणि तीच वाटी कायम वापरा. गळती बहुतेक वेळा चुलीशी नसते, टेम्पोशी असते. माल उतरवताना पोत्यांचं वजन न करताच पोचपावतीवर सही होते आणि कमी भरलेलं पोतं मग हिशोबात वर्षभर छळतं. पोतं काट्यावर चढवल्याशिवाय सही नाही, एवढा नियम केला तरी पुष्कळ. डाळ पातळ दिसली की स्वयंपाकीण ताईंवर तोंडसुख घेऊ नका. भाजी आणि इंधनाचे पैसे उशिरा येतात, ताई उधारीवर रेटत असतात. आधी त्यांची बिलं किती महिने थकली ते विचारा. चव नोंदवहीत 'चव चांगली' असं महिनाभर एकाच पेनने लिहिलेलं दिसलं तर समजून जा. पाळीपाळीने दोन पालकांनी जायचं, आधी स्वतः खायचं, ताटं मोजायची, आणि फळ्यावरच्या हजेरीशी ताडून बघायची.

पैशाचं थोडक्यात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेच्या किरकोळ खर्चासाठी मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे एक लाख. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. हा पैसा हप्त्याहप्त्याने येतो, कधी वर्ष संपत आल्यावर येतो, आणि ३१ मार्चच्या आत खर्चला नाही तर परत जातो. म्हणून मार्चमध्ये शाळांना रंग लागतो! रंगाचं बिल चार दिवसांत होतं, नळाच्या दुरुस्तीचं होत नाही. यावर उपाय एकच: ऑगस्टमध्येच कामांची क्रमवार यादी ठराव करून ठेवायची, पैसा आला की पहिलं काम सुरू. गणवेशाला दोन जोडांचे मिळून ६०० रुपये असतात. २०२४-२५ मध्ये ही खरेदी राज्याने आपल्याकडे घेतली होती, पुढच्या वर्षापासून ती पुन्हा समित्यांकडे आली आहे. कापडाचा तुकडा ठरावाला टाचून ठेवा, मापं एक नंबर मोठी घ्या, आणि शिवलेले कपडे मुलांच्या अंगावर बसलेले बघितल्याशिवाय बिल काढू नका.

यापेक्षा मोठं काही हवं असेल, खोली, स्वच्छतागृह, पाण्याची टाकी, तर ते शाळा विकास आराखड्यात आलं पाहिजे. कलम २२ प्रमाणे तो समितीने करायचा असतो: तीन वर्षांचा, वर्गवार अंदाजे पट, लागणारे शिक्षक, खोल्या आणि पैसे लिहून. आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तो तयार हवा. प्रत्यक्षात तो मागच्या वर्षीचा उतरवून काढलेला असतो, तारीख तेवढी बदललेली. आणि तो फक्त तालुक्याला पाठवून थांबू नका. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्यातलं एक काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घालून घ्या. वित्त आयोगाच्या निधीचा मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे त्याच कामाला राखून ठेवलेला असतो, शाळेचं स्वच्छतागृह आणि नळ त्यात चपखल बसतात.

या सगळ्याचा पुरावा म्हणजे इतिवृत्त. समितीची सभा महिन्यातून एकदा व्हायची असते. 'शाळेच्या प्रगतीबाबत चर्चा झाली व समाधान व्यक्त करण्यात आले' असल्या वाक्यावर कोणालाही काही करावं लागत नाही. ठराव असा लिहा: 'मुलींच्या स्वच्छतागृहाचा नळ १२ जुलैपासून बंद. दुरुस्तीचा अंदाज १,८०० रुपये, संयुक्त अनुदानातून. जबाबदारी उपाध्यक्षांची, मुदत ३१ जुलै.' सूचक, अनुमोदक, सह्या. कोऱ्या पानावर, किंवा 'नंतर लिहू' म्हणून सही करायची नाही, मग मुख्याध्यापक कितीही भले असोत. तक्रार वर न्यायची झाली तर तोंडी नको. ठरावाची प्रत जोडून केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी अशा क्रमाने, आणि प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक घेऊन.

शेवटी, नव्या अध्यक्षांसाठी. शाळेच्या खात्यावर अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांची सही चालते. समिती बदलते पण बँकेतली सही जुन्याच अध्यक्षांची राहते, ते कामाला पुण्या-मुंबईला गेलेले असतात, आणि स्वयंपाकीण ताईंची उधारी वाढत जाते. निवड झाली त्याच आठवड्यात ठरावाची प्रत, आधार, पॅन आणि दोन फोटो घेऊन मुख्याध्यापकांबरोबर बँकेत जा. जाताना मागच्या दोन वर्षांचं पासबुक भरून आणायला विसरू नका.