हुंडी हातात आली की आधी ती उलटी करा

नमस्कार. माझ्या हातात आहे ती ब्रिटिश काळातली एक दर्शनी हुंडी. हुंडी म्हणजे अमुक रक्कम द्यावी असा एका पेढीने दुसरीला लिहिलेला कागद, आणि दर्शनी म्हणजे दाखवताक्षणी जिचे पैसे द्यायचे अशी. वर राणी व्हिक्टोरियाचा छाप आहे आणि सावकारी पेढ्यांच्या रिवाजाप्रमाणे रक्कम अशी लिहिली आहे : रुपये ५००, अक्षरी पाचशे, ज्याचे निमे अडीचशे, त्याचे दुप्पट पुरे देणे. वाटेत कोणी एखादे शून्य वाढवलेच, तर निम्म्याचा आकडा जुळू नये, यासाठी ही खबरदारी घेतलेली असे.

आता कागद उलटा करतो. या मागच्या बाजूवर माझा फार जीव आहे, कारण हुंडी ज्या ज्या पेढीच्या हातून गेली तिची बेचनाची, म्हणजे हुंडी पुढच्याच्या नावे केल्याची, नोंद इथेच होते, कधी मोडीत तर कधी गुजरातीत. हुंडी सकारून, म्हणजे मान्य करून, पैसे चुकते झाले की तिला खोका म्हणत. मूळ हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत, म्हणजे पेठ, लिहिली जाई आणि तीही हरवली तर तिसरी, म्हणजे परपेठ. म्हणून कोऱ्या, स्वच्छ नमुन्यापेक्षा सह्यांनी भरलेला मळकट खोका मी केव्हाही आधी घेईन.

बँकांच्या कागदांवर मात्र साल नीट पाहा. १८४० साली सुरू झालेली बँक ऑफ बॉम्बे शेअरांच्या तारणावर भरमसाट कर्जे देऊन बसली आणि अमेरिकेतले यादवी युद्ध संपून १८६५ मध्ये कापसाचे भाव कोसळले, तेव्हा तिचा कणाच मोडला. १८६८ मध्ये तिच्या जागी नवी बँक उभी राहिली आणि पुढे तीही बँक ऑफ बॉम्बे याच नावाने ओळखली गेली. १९२१ मध्ये ती बंगाल आणि मद्रासच्या बँकांसह इम्पीरियल बँकेत विलीन झाली, आणि १९५५ मध्ये इम्पीरियलची स्टेट बँक झाली. त्यामुळे नाव तेच असले, तरी १८६० आणि १८९० सालचे धनादेश दोन वेगळ्या संस्थांचे ठरतात.

कृपा करून लॅमिनेशन करू नका आणि चिकटपट्टी लावू नका. आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवा, आणि कागद कुठून व केव्हा मिळाला ते पाकिटावर, कागद आत घालण्यापूर्वीच, पेन्सिलीने लिहा. ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवज ७५ वर्षांहून जुना असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार तो खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, हे परदेशी ग्राहकाशी बोलण्यापूर्वीच ध्यानात ठेवा.