एक इंची अक्षरं

(दृश्य: किराणा दुकानाचं काचेचं दार, आतल्या बाजूने. दोन हात पाटी चिकटवताहेत.)

पाटीच्या कोपऱ्यात हवेचा फुगा राहिलाय. दुकानदार तो जुन्या क्रेडिट कार्डाने कडेपर्यंत ढकलत नेतात. मग टेप लावून अक्षराची उंची मोजतात. एक इंच. त्याहून कमी भरलं, तर कायद्याच्या लेखी ही पाटीच नाही.

हे टेक्सस. डॅलसला लागून असलेलं इर्व्हिंग. आत हिंग, पोहे, बाकरवडी. दुकान यांचं, भाडं हेच भरतात, आणि बंदूक घेऊन आत येऊ नका असं गिऱ्हाइकाला सांगायचा हक्कही यांचाच. अमेरिकेच्या राज्यघटनेतली १७९१ ची दुसरी दुरुस्ती शस्त्र बाळगण्याचा अधिकार देते खरी, पण तिने हात बांधले ते सरकारचे, किराणा दुकानदाराचे नव्हेत. हक्क आहे, यावर फारसं कुणाचं दुमत नाही. मेख आहे ती तो बजावण्यात.

(दृश्य: पाटीवरचा मजकूर, कॅमेरा ओळीओळीने खाली सरकतो.)

दंडसंहितेचं कलम ३०.०६. पाटीवर काय लिहायचं, ते कायद्यानेच ठरवून दिलंय. इंग्रजीत, आणि पुन्हा स्पॅनिशमध्ये. रंग असा हवा की अक्षर उठून दिसेल. एवढं केल्यावर बंदी कुणाला? परवानाधारकाला, आणि तीही कपड्याआड लपवलेल्या पिस्तुलापुरती. कमरेला उघड लावलेल्या पिस्तुलासाठी निराळी पाटी, कलम ३०.०७, ती प्रत्येक प्रवेशदारावर. २०२१ पासून परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. अशांसाठी तिसरी, ३०.०५ ची. तिन्ही लावल्या तर दारात दिवाळीच्या ऑफरला जागा उरत नाही. आणि लाल वर्तुळात काट मारलेलं पिस्तुलाचं चित्र? पोरांनाही कळतं ते. पण परवानाधारकाला अडवायला तेवढं पुरत नाही.

(दृश्य: शेजारच्या सँडविचवाल्याचं दार.)

इथे बघा. ‘शर्ट नाही, बूट नाही, तर सेवा नाही.’ या अक्षरांची उंची कुठल्याही विधिमंडळाने ठरवलेली नाही.

(दृश्य: जुनी चित्रफीत. टेक्ससमधलं किलीन, १९९१.)

१६ ऑक्टोबर १९९१. एका माणसाने पिकअप ट्रक काच फोडून थेट लूबीज कॅफेटेरियात घातला आणि गोळ्या झाडायला सुरुवात केली. सुझॅना हप आईवडिलांबरोबर जेवायला बसल्या होत्या. त्यांचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं, कारण लपवून शस्त्र नेणं तेव्हा टेक्ससमध्ये गुन्हा होता. आईवडील दोघंही गेले. एकूण २३ बळी. हप नंतर ठिकठिकाणी साक्ष देत फिरल्या. १९९५ मध्ये टेक्ससमध्ये लपवून पिस्तूल बाळगायच्या परवान्याचा कायदा झाला, गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या सहीने. पुढच्याच वर्षी त्या स्वतः राज्याच्या प्रतिनिधीगृहात निवडून आल्या. बंदूकवाल्यांचा सगळा युक्तिवाद त्या गाडीत राहिलेल्या रिव्हॉल्व्हरभोवती फिरतो: पाटी वाचतो तो सरळ माणूस, मारेकरी नाही. हे खोडून काढणं सोपं नाही.

पण १९९७ मध्ये पाटीचा हा साचा आला, तेव्हा ओझं अलगद दुकानदाराच्या डोक्यावर गेलं. बंदूक आणणाऱ्याने विचारायचं नाही. नको असेल त्याने सांगायचं, तेही ठरल्या शब्दांत, ठरल्या मापात.

(दृश्य: बर्गरच्या दुकानासमोरची रांग.)

मोठ्या कंपन्यांनी आपापली वाट काढली. डॅलस परिसरातल्या चिपोटले या मेक्सिकन खाण्याच्या साखळीत २०१४ मध्ये काही जण रायफली घेऊन शिरले, तेव्हा कंपनीने बंदी घातली नाही, ‘कृपया आणू नका’ म्हटलं. टेक्ससच्याच व्हॉटाबर्गरने २०१५ मध्ये उघडं पिस्तूल नको म्हणून सांगितलं. लपवलेलं चालेल. २०१९ मध्ये टेक्ससमधल्याच एल पासोच्या वॉलमार्टमध्ये २३ जणांचा जीव गेला. पुढच्या महिन्यात वॉलमार्टनेही विनंतीच केली, तीही उघड्या बंदुकीपुरती.

(दृश्य: गल्ल्यामागे उभा मुलगा, बिल करतोय.)

पाटी ओलांडून आत आलं, तर दंड २०० डॉलरपर्यंत. तोंडी सांगूनही बाहेर गेलं नाही, तर वर्षभरापर्यंत कैद. म्हणजे कायद्याचा खरा धाक तोंडी सांगण्यात आहे. आणि सांगायचं कुणी? या मुलाने. समोरच्याच्या कमरेला पिस्तूल असताना.

(दृश्य: नकाशा, हवाई बेटं.)

हवाईने २०२३ मध्ये गणित उलटं मांडलं. मालकाने स्पष्ट परवानगी दिल्याखेरीज त्याच्या जागेत बंदूक न्यायची नाही, मग दारावर मनाईची पाटी असो वा नसो. बंदूकधारकांनी याला आव्हान दिलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो खटला सुनावणीला घेतला. मुद्दा एवढाच: काहीच न बोललेल्या दुकानदाराचं उत्तर ‘हो’ धरायचं की ‘नाही’?