गिनीपिगचं गजकर्ण आणि कोकणातला पावसाळा

(दृश्य: कौलारू घराची पडवी. बाहेर मुसळधार. कोपऱ्यात लाकडी पिंजरा.)

मृग लागला की कोकणात काही म्हणून धड वाळत नाही. चिऱ्याच्या भिंतींना ओल येते, गोधड्या कुबट होतात, आणि पिंजऱ्यातला पेंढा सकाळी बदलला तरी संध्याकाळी हाताला गार लागतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. बुरशीला आणखी काय हवं?

(जवळून: गिनीपिगचं नाक.)

इथे बघा. नाकाच्या वर, डोळ्यांभोवती, कानाच्या मुळाशी केस गेलेत. कडेला कोंडा, मध्ये लालसर कातडी. कडेचा केस चिमटीत धरून हलकेच ओढला तर मुळाशी तुटून हातात येतो. हे गजकर्ण, आणि गिनीपिगमध्ये ते बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन नावाच्या बुरशीमुळे होतं. खाज थोडीच असते, कधी मुळीच नसते. म्हणून घरात वाटतं, केस गळतायत, येतील परत.

जनावर रात्रंदिवस खाजवत असेल, मान-खांदे आणि मांड्यांची कातडी जाड होऊन सोलवटली असेल, तर संशय खरजेचा घ्या. गिनीपिगची खरूज ट्रिक्साकॅरस हा कातडीत बिळं करणारा सूक्ष्म किडा आणतो. खाज इतकी भयंकर की नुसता हात लावला तरी काहींना झटके येतात. उवांचं सोपं आहे: केस बाजूला सारले की धावताना दिसतात, आणि त्या माणसाला लागत नाहीत. गजकर्ण मात्र माणसाला लागतं.

(दृश्य: तपासणीचं टेबल.)

जांभळा दिवा धरून निदान होतं, असं पुष्कळांना वाटतं. त्या उजेडात मांजर-कुत्र्यांवरची मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी हिरवट चमकते, तीही दर वेळी नाही. ट्रायकोफायटॉन चमकतच नाही. चमक दिसली नाही म्हणून आजार नाही, असं समजू नका.

खात्री होते ती बुरशी वाढवून बघितल्यावर. नवा कोरा टूथब्रश घ्या आणि दोन-तीन मिनिटं सगळ्या अंगावरून फिरवा, चट्ट्यावर शेवटी. तो कागदी पाकिटात घालून पशुवैद्यांकडे द्या. प्लास्टिकच्या पिशवीत नको. आपल्या हवेत आत पाणी सुटतं, भलतीच बुरशी माजते आणि नमुना फुकट जातो. अहवालाला दोन-तीन आठवडे लागतात.

आता सगळ्यात जास्त घोटाळा जिथे होतो, ते औषध. गोठा असलेल्या घरात गुरांच्या आयव्हरमेक्टिनची बाटली असते आणि तीच काढली जाते. एक तर ते किड्यांचं औषध, बुरशीवर त्याचा काडीचा उपयोग नाही. दुसरं, एक टक्क्याच्या त्या औषधाच्या १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम असतं. खरूज असली तरी किलोभर वजनाच्या गिनीपिगला लागतं ०.०२ ते ०.०४ मिलिलिटर. गुरांच्या सिरिंजवर ती रेघच नसते. म्हणून आधी वजन करा, आणि डोस पशुवैद्यांकडूनच घ्या.

माणसाची ट्यूबही नको. बाजारातल्या पुष्कळ मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड असतं. लाली दोन दिवसांत उतरते, बुरशी आतून पसरत राहते. त्यात गिनीपिग मलम चाटतो. अँटिबायोटिक पोटात गेलं, विशेषतः पेनिसिलिन-अमोक्सिसिलिनच्या जातीचं, तर आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि गिनीपिग दगावू शकतो. रॉकेल तर कुठल्याच जनावराला लावू नका. कुत्र्याच्या गोचिडांचं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर उठतं, आणि फिप्रोनिल सशाच्या.

(दृश्य: पिंजरा अंगणात, हातात घासणी.)

औषध चालू झालं तरी अर्धं काम पिंजऱ्यात असतं. गळलेल्या केसांवरचे बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, वर्षभर, त्याहूनही जास्त तग धरतात. पेंढा आणि भुसा जाळा. केरसुणी मारू नका, केस उडून घरभर होतात. ओल्या फडक्याने टिपा. मग साबणाच्या पाण्याने घासून काढा. हे टाळून वर ब्लीच ओतलं तर मळच ते खाऊन टाकतो. घासून झाल्यावर १ लिटर पाण्यात ३० मिलिलिटर साधं ब्लीच, १० मिनिटं पृष्ठभाग ओला, आणि नंतर स्वच्छ पाणी. संडास धुण्याचं ॲसिड त्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. लाकडाच्या भेगांत बीजाणू राहतात, त्यामुळे जुना लाकडी पिंजरा मोडीत काढलेला बरा. तारेचा आणि प्लास्टिकच्या तळाचा पिंजरा धुता येतो, आणि पावसात तेच महत्त्वाचं.

गिनीपिगला क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, आणि ते कमी पडलं की कातडी लवकर हार मानते. रोज ढोबळी मिरचीची १५-२० ग्रॅमची फोड पुरते.

(दृश्य: चतुर्थीची गर्दी, ओट्यावर मांजर.)

चतुर्थीला चाकरमानी येतात, आणि हल्ली सामानात मुलांचा गिनीपिगही असतो. पिंजऱ्याशेजारी घरची मनी अंग घासते. तिच्या अंगावर एक चट्टा नसेल, तरी केसांत बीजाणू असू शकतात. लांब केसांच्या पर्शियन मांजरांत हे फार दिसतं. म्हणून तपासणी घरातल्या प्रत्येक जनावराची. एकाला औषध आणि बाकीचे मोकळे, हा खेळ संपत नाही.

केस उगवले की औषध थांबवायचा मोह होतो. थांबू नका. केस बुरशी जाण्याआधीच उगवतात. उपचार साधारण सहा-आठ आठवडे चालतात, आणि लागोपाठ दोन तपासण्यांत बुरशी आली नाही की मगच पशुवैद्य औषध बंद करतात. तोवर हाताळताना हातमोजे, नंतर साबणाने हात. मुलाच्या हातावर गोल चट्टा उठला तर त्वचारोगतज्ज्ञांना घरात कुठलं जनावर आहे ते आधी सांगा. आणि नवीन गिनीपिग आणलात, तर तीन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवा.