लाल टॅग कुणाचा?

नमस्कार मंडळी. आज स्काऊटिंगबद्दल बोलायचंय, पण मुलांबद्दल नाही, त्यांच्यासोबत जाणाऱ्या मोठ्यांबद्दल. आठवडाभर नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात स्कार्फ अडकवून वीस-पंचवीस पोरांच्या मागे रानात जायचं, बिनपगारी, वर घरच्यांची बोलणी खायची. हे लोक नियम कसे सांभाळतात, सेफ्टी कशी बघतात, पोरांना शिस्त कशी लावतात, असा विषय मला दिलाय. मी स्वतः बरीच वर्षं हे केलंय त्यामुळे थोडं इकडेतिकडे भरकटेन, सांभाळून घ्या.

एकच वाक्य आधी सांगून ठेवतो, मग बाकीचं. एकटं कुणी नाही. पाण्यात एकटं कुणी नाही, रानात एकटं कुणी नाही, आणि मुलासोबत मोठा माणूसही एकटा नाही. हे मी पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नका.

सुरुवात कुठून झाली तर 1907 साली. बेडन-पॉवेल साहेबांनी इंग्लंडच्या दक्षिणेला ब्राउनसी नावाच्या बेटावर वीसेक मुलांना घेऊन 1 ते 8 ऑगस्ट कॅम्प लावला. मुलांचे चार गट केले, पेट्रोल म्हणतात त्याला, आणि प्रत्येक गटाचा म्होरक्या मुलांमधलाच. आता हा माणूस लष्करातला, हुकूम सोडायची सवय असलेला, तरी त्याने कारभार पोरांच्या हातात दिला. मला वाटतं स्काऊटिंगमधली खरी अक्कल इथेच आहे. मोठ्यांनी मागे उभं राहायचं. पण मागे म्हणजे झाडाखाली खुर्ची टाकून फोन बघत नव्हे हां, आजकाल ते फार झालंय. मागे म्हणजे जिथून सगळी डोकी मोजता येतात तिथे.

आणि मोजायचं का, तर पाच वर्षांतच त्याची किंमत कळली. 4 ऑगस्ट 1912. लंडनच्या वॉलवर्थ भागातली स्काऊट मुलं शिडाच्या बोटीने कॅम्पला निघाली होती, शेपी बेटावरच्या लेजडाऊनजवळ अचानक जोराचा वारा आला आणि बोट उलटली. 9 मुलं बुडाली, त्यातली 8 एकाच ट्रूपची, म्हणजे स्काऊट पथकाची. सोबतचे मोठे निष्काळजी होते असं नाही, त्यांनीही पाण्यात जीव तोडून मुलं वाचवली. पण पाणी काही आपली धडपड बघत नाही. त्यानंतर 1919 साली लंडनजवळच्या गिलवेल पार्कला मोठ्यांचं ट्रेनिंग सुरू झालं, कोर्स पूर्ण केला की गळ्यात लाकडाचे दोन मणी मिळतात. आमच्यातले काही जण ते मणी असे मिरवतात की जणू वाघ मारलाय. असो.

आता मला जी गोष्ट सांगायचीय ती सांगतो. खरं तर तीच सांगायला आलोय.

एका तळ्याकाठी आमचा कॅम्प होता. तीस पोरं, सहा-सहाची पाच पेट्रोल. पोहायच्या वेळी एक पेट्रोल स्वयंपाकावर, म्हणजे वर तंबूपाशी, आणि बाकीची चोवीस पोरं खाली. पाण्याचा नियम साधा असतो. काठावर एक लाकडी फळी, तिच्यावर खिळे, खिळ्यांवर गोल टॅग. एका बाजूला पांढरा, एका बाजूला लाल, दोन्हीकडे नंबर, प्रत्येकाचा वेगळा. पाण्यात जाताना टॅग लाल करायचा, बाहेर आलं की पांढरा. जोडीशिवाय पाण्यात जायचं नाही, आणि जोडीही साधारण सारखं पोहणाऱ्यांची, नाहीतर एक जण खोल पाण्यात आणि दुसरा काठाला धरून बसलेला. दर दहा मिनिटांनी शिट्टी. शिट्टी झाली की जोडीदाराचा हात धरून वर करायचा आणि गप्प उभं राहायचं. मग काठावरचा माणूस जोड्या मोजतो, फळीवरचे लाल टॅग मोजतो, आकडा जुळला की परत शिट्टी, मग खुशाल दंगा करा.

आमच्यात एक पोरगा होता, त्याला सगळे भोवरा म्हणायचे, कारण तो एका जागी ठरायचाच नाही. आदल्या दिवशी हा पाण्यातून बाहेर येऊन टॅग न फिरवताच वर तंबूत पळाला. आकडा जुळेना. दोन मिनिटांत सापडला, पण त्या दोन मिनिटांत माझे हातपाय गार पडले होते, आणि मग मी त्याला सगळ्यांसमोर जे झापलं, जे झापलं! एवढासा नियम पाळता येत नाही, तुझ्यामुळे सगळ्यांचा जीव टांगणीला, वगैरे. वर शिक्षा, उद्याचं पोहणं बंद, काठावर बसायचं. शिक्षा बरोबरच होती, आजही मी तीच देईन. झापणं मात्र जास्त होतं.

तर दुसऱ्या दिवशी पोहणं सुरू व्हायच्या आधी मी पाण्यात उतरलो, तळ बघायला. हे करायलाच लागतं, पायाने चाचपत जायचं, धारदार दगड आहेत का, काच आहे का, कुठे एकदम खड्डा आहे का. नियमाप्रमाणे जोडीला आमचा दुसरा लीडर, आणि नियमाप्रमाणे दोघांनीही टॅग लाल केले. बाहेर आलो, अंग पुसलं, शर्ट चढवला. मुलं उतरली. भोवऱ्याची सुट्टी होती म्हणून तो गुडघे पोटाशी घेऊन काठावर, आणि त्याच्या जोडीदारासोबत बदली म्हणून स्वयंपाकातला एक पोरगा खाली बोलावला. म्हणजे पाण्यात चोवीस.

दहा मिनिटांनी शिट्टी. हात वर. मी मोजल्या, बारा जोड्या. चोवीस. फळीवर लाल टॅग पंचवीस.

परत मोजलं. बारा जोड्या, पंचवीस लाल. लगेच तीन लांब शिट्ट्या, सगळे बाहेर, सगळ्यांनी टॅग पांढरे करायचे. ओली पोरं रांगेने गेली, एकेक टॅग फिरत गेला, आणि शेवटी फळीवर एक लाल उरला. एकोणीस नंबर.

एकोणीस कोण? कुणीच हात वर करेना. नंबर कॅम्पला आलेल्या क्रमाने दिलेले, मोठ्यांचे नि मुलांचे मिसळून, आणि यादी वर फर्स्ट एडच्या तंबूत आमच्या ताईंकडे. स्वयंपाकावर पाच पोरं होती, त्यातला कुणी खाली सटकून एकटाच पाण्यात शिरला असेल तर? नियम सांगतो नाव कळायची वाट बघू नका, आधी शोध सुरू करा. भोवरा कोरडा होता, त्याला म्हटलं पळ, यादी घेऊन ये आणि वरची पोरं मोजून ये. आणि आम्ही चौघं मोठे हाताला हात धरून कमरेएवढ्या पाण्यात रांगेत उतरलो. पाय उचलायचा नाही, तळावरून घासत पुढे न्यायचा, म्हणजे काही असेल तर लागेल.

मंडळी, ती पाच-सात मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. काठावर चोवीस पोरं, एक शब्द नाही. नुसता दात वाजल्याचा आवाज. आणि मधेच माझ्या पायाला काहीतरी मऊ लागलं. मऊ, आणि आत टणक. मी खाली वाकलो, पाणी नाकापर्यंत आलं, हाताने धरलं आणि ओढलं. शेवाळ चढलेलं झाडाचं मूळ होतं. मी ते हातात धरून तसाच उभा राहिलो, माझा हात थरथरत होता आणि शेजारच्याचा हात मी इतका घट्ट आवळला होता की नंतर त्याने वळ दाखवले.

तेवढ्यात भोवरा उतारावरून धावत आला. यादी हातात, धाप लागलेली. ओरडला, वरचे पाचही आहेत! मग यादीवर बोट ठेवून वाचत राहिला. एकदा यादीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. आणि हळूच म्हणाला, "सर, एकोणीस नंबर तुमचाच आहे."

मी स्वतःला शोधत होतो. कमरेएवढ्या पाण्यात, तीन माणसं सोबत घेऊन, मी माझंच प्रेत शोधत होतो.

पोरं आधी गप्प, मग एक जण फिसकन हसला, मग सगळेच. मीही हसलो, दुसरं काय करणार. आणि मला वाटलं चला, विनोद झाला, विषय संपला. पण संपला नाही. संध्याकाळी एक पेट्रोल लीडर आला, तेरा वर्षांचा, चेहरा एकदम गंभीर. म्हणाला, सर, आज रात्री कोर्ट ऑफ ऑनर बसतंय, तुम्ही यायचंय. आता हे कोर्ट म्हणजे पेट्रोल लीडरांची बैठक, ट्रूपमधल्या शिस्तीचे प्रश्न तिथे सुटतात, बेडन-पॉवेलच्या काळापासूनची पद्धत आहे. आमचा दुसरा लीडर मला बाजूला घेऊन म्हणाला, जाऊ नकोस रे, पोरांसमोर वजन राहत नाही. खरं सांगतो, मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण आदल्या दिवशी मी झापताना जे जे बोललो होतो ते सगळं त्या पोराने ऐकलं होतं.

गेलो. पाच पोरं कंदिलाभोवती बसलेली, मी समोर मांडी घालून. त्यांनी विचारलं, टॅग का नाही फिरवला? म्हटलं विसरलो. नंबर का नव्हता माहीत? म्हटलं पाठ केला नव्हता. झापलं नाही कुणी. आपसात दोन मिनिटं कुजबुज केली आणि निकाल दिला, भोवऱ्याला जी शिक्षा तीच सरांना, उद्या पोहणं बंद, काठावर बसायचं, आणि कॅम्प संपेपर्यंत रोज सकाळी हजेरीला आपला नंबर मोठ्याने सांगायचा. मला ती शिक्षा फार आवडली. कान धरून उठाबशा नाहीत, जेवण बंद नाही, अपमान नाही. पाण्याची चूक तर पाण्यापासून लांब, बस. स्काऊटिंगमध्ये मुलांना मारायचं नाही हे तर आहेच, पण उपाशी ठेवणं, पळवून दमवणं, सगळ्यांसमोर पाणउतारा करणं, हेही शिस्तीत बसत नाही. मी पाणउतारा केला होता. भोवऱ्याची माफी मी त्याच कंदिलासमोर मागितली.

दुसऱ्या दिवशी मी काठावर, गुडघे पोटाशी. पोहणं संपल्यावर भोवरा बाहेर आला, ठिबकत, आधी फळीपाशी गेला, आपला टॅग पांढरा केला. मग बोट फिरवत फिरवत एकोणीसवर आला, तो पांढरा आहे ना बघितलं, आणि माझ्याकडे न बघता टॉवेल घ्यायला गेला.

बापरे, घड्याळ बघा. बाकीचं पटापट सांगतो.

ते वाक्य, एकटं कुणी नाही. मुलांसोबत कायम किमान दोन मोठे. एका मोठ्याने एका मुलाला एकट्याने तंबूत, खोलीत, गाडीत कुठेही न्यायचं नाही. मुलाशी खाजगी बोलायचं असेल तर बाजूला जा, पण बाकीच्यांना दिसाल अशा जागी. हे फोनवरही लागू, मुलाला एकट्याला मेसेज करायचा नाही, दुसरा मोठा त्यात हवाच. काही जणांना याचा राग येतो, आमच्यावर विश्वास नाही का म्हणतात. अहो, अमेरिकेतल्या स्काऊट संघटनेने फेब्रुवारी 2020 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, आणि लहानपणी स्काऊटमध्ये आपलं लैंगिक शोषण झालं असं सांगणारे 82,000 हून जास्त दावे त्यात आले. ब्याऐंशी हजार. त्यानंतर राग कसला धरायचा? चांगल्या माणसालाही हा नियम वाचवतोच, त्याच्यावर उगाच बालंट येत नाही. आणि मूल काही सांगत असेल तर ऐकून घ्या, कुणाला सांगणार नाही असं वचन मात्र देऊ नका, कारण सांगावंच लागतं.

चाकू. मिटलेला चाकू हातात धरून हात लांब करा आणि स्वतःभोवती गोल फिरा, डोक्यावरूनही फिरवा. कुणाला लागला तर तिथे चाकू उघडायचा नाही. दुसऱ्याला देताना मूठ त्याच्याकडे, आणि त्याने थँक्यू म्हटल्याशिवाय सोडायचा नाही. ते थँक्यू शिष्टाचार म्हणून नाही, पकड बसली हे कळावं म्हणून आहे.

शिट्ट्या. सगळ्या पोरांच्या गळ्यात शिट्टी असावी की नाही यावर मी अर्धा तास बोलू शकतो. असावी, पण दिवसभर वाजवत बसली तर खऱ्या वेळेला कुणी मान वर करत नाही. तीन शिट्ट्या म्हणजे संकट, त्या खेळात वाजवायच्या नाहीत.

आणि शेकोटी. पाणी ओता, ढवळा, परत ओता, मग हाताची मागची बाजू राखेजवळ न्या. ऊब लागली तर परत पाणी. झोपायला जाणारा शेवटचा माणूस मोठाच हवा, पण राख बघायला सोबत एक पेट्रोल लीडर घ्या... दोन पेट्रोल लीडर घ्या. एकटं कुणी नाही.

स्टुडिओच्या काचेपलीकडून हात हलवतायत. पुढच्या वेळी गाठींवर बोलू. नमस्कार.