घाटात काटा कुठे असावा

खलघाटला नर्मदा ओलांडली की आग्रा-मुंबई रस्ता विंध्याला भिडतो. वर मानपूर, महू, मग आमचं इंदूर. ट्रक पूर्ण लोडमध्ये आहे. स्टेअरिंगवर माझे मामा.

डॅशबोर्डवर पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर निवांत आहे. मामांची नजर मात्र नंतर बसवून घेतलेल्या छोट्या गोल मीटरवर. इंजिनातून निघालेला जळका वायू टर्बोत, म्हणजे त्याच वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्यात, शिरण्याआधी किती तापलाय, ते हा मीटर सांगतो. आत्ता ५८०. आता ६४०.

मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातला जळका वायू गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या नळीला, भोक पाडून पेन्सिलीहून बारीक सळई आत सोडलीय. टोकाशी दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सांधा आहे. तो तापला की किंचित वीज निर्माण होते, तीच अंशांत दिसते. काहीजण ही सळई टर्बोच्या नंतर, सायलेन्सरच्या पाइपात बसवतात. पण टर्बो फिरवण्यात वायूची बरीच उष्णता खर्च झालेली असते. लोडवर तिथला आकडा शंभर-दीडशे अंशांनी, कधी त्याहूनही कमी दिसतो. तिथे ६०० बघून निर्धास्त राहू नका.

टर्बोच्या आधी मोजलं तर सलग चढणीला साधारण ७०० अंश सेल्सियसच्या आत राहावं. कंपनीनं वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच पाळायची.

देवास नाक्याजवळच्या गॅरेजात मिस्त्रींनी जपून ठेवलेला हा पिस्टन बघा. एका बाजूची कड मेणासारखी ओघळलीय. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांला वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी कच खातो. एरवी तो तगतो, कारण खालून तेल त्याला थंड करतं आणि दर फेरीला ताजी हवा आत येते. या गाडीत पंप वाढवून डिझेल जास्त सोडलं होतं, वर इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोतून येणारी हवा थंड करणाऱ्या जाळीचा, होस चिरलेला. डिझेल वाढलं, हवा घटली. डिझेल इंजिन असंच तापतं. चोंदलेला एअर फिल्टरही हेच करतो, आणि तो बदलणं किती सोपं आहे!

घाटात काटा ६९० वर गेला. मामांनी पाय उचलला, गिअर खाली घेतला. "मोठ्या गिअरात रेटलं तर इंजिन हवा कमी ओढतं, बाळा." इंजिनाचे फेरे वाढले, वेग उतरला. मागच्यानं हॉर्न वाजवला, मामांनी वाजवू दिला. काटा ६३० वर आला.

मानपूरचा ढाबा. मी चावीकडे हात नेला.

"थांब. चालू राहू दे."

भर लोडवर टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेऊ शकतो. इंजिन बंद केलं की त्याचं तेल थांबतं, आणि तापलेल्या बेअरिंगमध्ये अडकलेलं तेल जळून काजळी धरतं. मामा खाली उतरून टायर ठोकून बघतात. मी मीटर बघत बसतो. ३२०. २४०. तीन मिनिटांनी १८०.

"किती झालं?"

"एकशे ऐंशी, मामा."

"मग कर बंद."