पुलाखालून काय जातं?

नमस्कार श्रोतेहो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशकात पहिला प्रश्न ठरलेला: गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं? दुसरा प्रश्न, होळकर पुलाखालून किती क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी चाललंय? आज या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे पुलांबद्दल बोलू.

रविवार कारंजाकडून पंचवटीत नेणारा होळकर पूल इंग्रजी अमदानीतला, त्या वेळचा व्हिक्टोरिया पूल. त्याच्या खालच्या अंगाला रामसेतू, पायी जाणाऱ्यांचा आणि ठेंगणा. गंगा, म्हणजे आपली गोदावरी, फुगली की तो लगेच पाण्याच्या तावडीत येतो. खेडोपाडचे फरशी पूल तर पुरात बुडणार हे धरूनच बांधतात. पाणी वरून जातं, वाहतूक थांबते, ओसरलं की गाळ उपसून रस्ता पुन्हा सुरू.

महामार्गावरचे नवे पूल उंच असतात. प्रीस्ट्रेस्ड, म्हणजे आत पोलादी तारा ताणून बसवलेल्या काँक्रीटच्या लांब तुळयांमुळे खांब कमी लागतात आणि नदीला वाट मोकळी मिळते. जुन्या दगडी पुलांचे खांब जाडजूड, गाळे, म्हणजे दोन खांबांमधल्या मोकळ्या जागा, अरुंद; वाहून आलेली झाडं तिथेच अडकतात. पाणी तुंबतं, खांबाशी भोवरे होतात आणि पायाखालची रेती खरवडली जाते.

मग जुन्याशेजारी नवा पूल उभा राहिला की काम झालं? नाही. जुना तसाच ठेवला तर पाण्याला त्याच्याही गाळ्यांतून जावंच लागतं. म्हणून नव्याचे खांब जुन्याच्या ओळीत घेणं बरं. तिरपे पडले तर एका खांबाने वळवलेली धार दुसऱ्यावर आदळते. रस्ता रुंद झाला म्हणून नदी रुंद होत नाही, हे पुढाऱ्यांना कोण सांगणार!

२ ऑगस्ट २०१६ आठवा. इकडे गोदावरीला मोठा पूर होता आणि त्याच रात्री महाडला सावित्रीवरचा इंग्रजकालीन दगडी पूल वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर गाड्या नदीत गेल्या. शेजारचा नवा पूल मात्र उभा राहिला. तोवर एका दिशेची वाहतूक जुन्यावरूनच चालू होती. शेजारी नवा पूल असूनही जुन्यावरचा भार पुरता उतरला नव्हता, नव्याने तो निम्मा वाटून घेतला होता एवढंच.

२०२७चा सिंहस्थ तोंडावर आलाय, गर्दीसाठी रस्त्यांचा आणि पुलांचा विचार होणारच. एखादा पूल मंजूर झाला की त्याची रुंदी आपण लगेच विचारतो. सोबत आणखी दोन गोष्टी विचारा: शेजारच्या जुन्या पुलाचं काय करणार, आणि पावसाळ्याआधी त्याचे गाळे कोण साफ करणार?